तीस खुर्च्या

“काचेवरची धूळसुद्धा पुसलेली नाही हिनं. मातेला आतून काय दिसत असेल, धुकं?”

नमो मरियाच्या ऐन मध्यावर, माझ्या मानेवर गरम श्वास सोडत डोन्या तेओफिला पुटपुटल्या. मी पुढे गुडघ्यांवर, त्या माझ्या मागे. मी प्रार्थना थांबवली नाही, त्यांनी तक्रार थांबवली नाही. “आणि फुलं कालची आहेत. वास येतोय मला.”

धूळ मी सकाळपासून दोनदा पुसली होती. पण आमच्या गल्लीची लाल माती कुणाचं ऐकत नाही. उत्तरेचा वारा सुटला की ती दारातून येते, खिडकीतून येते, उशीच्या अभ्र्यात शिरते. आणि नोव्हेंबरच्या अखेरीला, आमच्या ऐन उन्हाळ्यात, वाऱ्याला दुसरं काही कामच नसतं. हे मी डोन्या तेओफिलांना सांगू शकले असते. पण त्यांना काही सांगून उपयोग झाल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही.

मातेची पेटी म्हणजे एक छोटं लाकडी घर. पुढे काचेचं दार, आत वीतभर मरियामाता, निळ्या झग्यात. वर्षभर ती आमच्या लापाचो गल्लीत घरोघरी फिरते. एक घर, एक दिवस. संध्याकाळी पाचला शेजारीपाजारी जमतात, जपमाळ म्हणतात, काहीबाही खातात आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचा माणूस पेटी उचलून पुढच्या घरी पोचवतो. पेटीच्या पाठीला वीस घरांची यादी चिकटवलेली आहे, डोन्या तेओफिलांच्या हातची. शेवटचं नाव माझं: दिग्ना, शिवणवाली. नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेला मी माता चॅपलमध्ये नेऊन ठेवायची, कारण त्या दिवशी तिच्या सणाची नोव्हेना सुरू होते. नऊ दिवस प्रार्थना, आणि आठ डिसेंबरला मिरवणूक.

यादीत वीस घरं आहेत. गल्लीत एकवीस.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी पेटी पोटाशी धरून निघाले. दिसायला लहान, पण धरायला कुठेच नीट जागा नाही. रुसलेल्या पोरासारखी निसटते. आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं. निम्म्या वाटेवर वारा उलटा फिरला. आधी धूळ, मग झाडांवरून टपाटप आंबे, आणि मग पाऊस, तिरका, खडे मारल्यासारखा. मातेच्या अंगावर नवा ऑर्गंडीचा झगा होता, मीच शिवलेला, आणि पेटीच्या दाराला कुठे फट आहे तेही मला ठाऊक. मी दिसेल त्या पडवीत शिरले. शिरल्यावर पाहिलं पडवी कुणाची ते.

काराई सिल्वानोंची.

बाईला ‘डोन्या’ तसं, बाप्या म्हातारा झाला की त्याच्या नावाआधी आम्ही आदरानं ‘काराई’ लावतो. आदर लावायला आम्ही कमी पडत नाही. त्याच्याशी बोलायचं तेवढं राहून जातं.

दार उघडलं. “आत आण,” ते म्हणाले. “भिजेल ती.”

मी गळ्यापर्यंत भिजले होते, पण माझ्याबद्दल ते बोलत नव्हते.

आत भिंतीशी टेबल होतं. त्यावर पांढरी, कडेनं भरतकाम केलेली चादर, कडक इस्त्रीची. तिच्या घड्यांवरून हात फिरवला असता तर बोट कापलं असतं. ग्लासात मोगऱ्याची फुलं, आजची. आणि मधोमध रिकामी जागा, बरोबर पेटीएवढी.

मी त्या जागेकडे बघतच राहिले. यादी वीस दिवसांत फिरून येते. म्हणजे दर विसाव्या दिवशी, पेटी दारावरून पुढे जायच्या वेळेला, हा माणूस फुलं तोडत होता, चादरीला इस्त्री करत होता आणि मग संध्याकाळी ती घडी करून ठेवत होता. तीन वर्षं.

“आज ती इथे राहणार का?” त्यांनी विचारलं.

साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं: नाही, पाऊस थांबला की निघते.

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली, ठेवली, थोडी डावीकडे सरकवली, आणि खिशातल्या रुमालानं काच पुसली. डोन्या तेओफिला असत्या तर त्यांना काही बोलायला जागा उरली नसती.

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

प्लासिदा म्हणजे त्यांची बायको. मला काजं करायला तिनं शिकवलं. माझं पहिलं काज तिनं उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, “ह्यातून बटण जाईल, पण लाजत जाईल.” ती फेब्रुवारीत गेली. पुरायला आम्ही सगळे गेलो होतो. माणूस गेलं की दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस त्या घरी जपमाळ म्हणायला जायचं, नवव्या दिवशी घरच्यांनी सगळ्यांना चिपा, म्हणजे चीजच्या जाड भाकऱ्या, वाटायच्या, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं. कबरीपाशी सिल्वानोंचा हात धरून मी सांगितलं होतं, माळ मी सांगेन, तुम्ही काळजी करू नका.

पण त्याच आठवड्यात डोन्या तेओफिलांच्या मुलीचं, मिर्नाचं, लग्न होतं. सगळी गल्ली मांडवात. मांस भाजायला बापये, ‘सोपा’, म्हणजे मक्याचा पाव, भाजायला बायका, आणि माझ्याकडे आठ करवल्यांचे झगे, त्यातल्या तिघींची मापं दर दिवशी वाढत होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, झुनिल्दा जाईल. झुनिल्दाला वाटलं, मी गेलेच असेन. तिसऱ्या दिवशी जाणं अवघड झालं, कारण पहिले दोन दिवस गेलो नव्हतो. पाचव्या दिवशी तर कोणत्या तोंडानं जायचं? नवव्या दिवशी सिल्वानोंच्या भट्टीतून चिपाचा वास आला, चीज आणि बडीशेपेचा, अख्ख्या गल्लीभर. आम्ही मांडवात बसून तो वास न आल्यासारखं जेवलो.

दहाव्या दिवशी चॅपलमधून मागून आणलेल्या तीस खुर्च्या त्यांनी चॅपलच्याच ढकलगाडीवर घालून परत नेल्या. एका वेळी पाच. सहा खेपा. गाडीचं चाक कुरकुरत होतं. गल्लीतला प्रत्येक पडदा ओढलेला होता आणि प्रत्येक पडद्यामागे कुणीतरी उभं होतं. माझ्या पडद्यामागे मी.

नंतर काहीच झालं नाही. त्यांनी कुणाला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. आम्ही रडलो असतो, त्यांनी तेरेरेचा गार पेला दिला असता, संपलं असतं. त्याऐवजी आम्ही रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागलो. मग कुणीतरी म्हणालं, त्यांना एकटं राहायलाच आवडतं. ते ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. पेटीच्या नव्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि ‘का’ म्हणून कुणी विचारलं नाही. काराई सिल्वानो पंखे दुरुस्त करतात. चाळीस वर्षं ह्या गावातला प्रत्येक पंखा त्यांच्या हातून फिरता झाला. आणि आमची गल्ली तीन वर्षं बिघडलेले पंखे काखेत मारून बसनं शेजारच्या गावी नेते आहे. ड्रायव्हर पंख्याचं वेगळं तिकीट फाडतो.

पाऊस थांबल्यावर मी रिकाम्या हातांनी चॅपलमध्ये पोचले. डोन्या तेओफिला आणि बारा बायका कागदी फुलांच्या कमानीखाली, रिकाम्या टेबलासमोर बसल्या होत्या.

“माता कुठाय?”

“काराई सिल्वानोंकडे. पाऊस होता.”

झुनिल्दानं माळेतला एक मणी फार निरखून पाहिला.

“बरं,” डोन्या तेओफिला म्हणाल्या. “उद्या आण. आजचा दिवस आपण टेबलासमोर म्हणू. टेबल काही वाईट नाही.”

उद्या आणणं तितकं सोपं नव्हतं, आणि त्याला कारणही त्याच होत्या. मागच्या वर्षी झुनिल्दानं आपल्या मुलीची परीक्षा म्हणून दुसऱ्याच्या घरातून पेटी पळवली होती. तेव्हा डोन्या तेओफिलांनी नियम केला: माता ज्या घरी टेकली, त्या घरच्या धन्यानंच तिला उचलायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नियम यादीच्या खाली लाल शाईनं लिहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ते पडवीत तेरेरेचं सामान मांडून बसले होते: थंड पाण्याचा थर्मास, वाळक्या पानांनी भरलेला शिंगाचा पेला, नळी. समोर दुसरी खुर्ची.

“काराई,” मी म्हणाले, “मातेला चॅपलमध्ये न्यायला हवं. नोव्हेना सुरू झालीय.”

त्यांनी पेला भरला, माझ्या हातात दिला. मी प्यायले, परत दिला.

“नऊ दिवस,” ते म्हणाले.

“काय?”

“नऊ दिवस राहील ती इथे. मग मी स्वतः नेऊन ठेवतो.”

‘नऊ का?’ असं मी विचारायला हवं होतं. कुणीही विचारलं असतं. मी म्हणाले, “आभारी आहे.” तेरेरेच्या पेल्याला आभार मानले की पुढचा पेला मिळत नाही, म्हणजे निघते मी, असा अर्थ. सिल्वानोंनी मान हलवली आणि पेला आपल्यासाठी भरला. आणि मग मला निघवेना. आत गेले, गुडघे टेकले आणि माळ सुरू केली. ते मागे उभे राहून उत्तरं देत होते. दोघांची माळ फार लवकर संपते. कुणी मागून तक्रार करत नाही, म्हणून असेल.

“नऊ दिवस म्हणाले,” मी चॅपलमध्ये सांगितलं.

नऊ म्हटल्यावर तिथेही कुणी का म्हणून विचारलं नाही. डोन्या तेओफिलांनी कमानीवरचं एक फूल काढलं, फुंकलं, पुन्हा खोचलं.

“तुला बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी झुनिल्दा जाईल.”

झुनिल्दाला बोलता येतं; थांबता येत नाही. ती जाताना काखेत पंखा घेऊन गेली. “नुसतं कसं जायचं,” म्हणाली, “काहीतरी निमित्त नको?” दोन तासांनी परत आली. पेटी नाही, पंखा नाही.

“काय म्हणाले?”

“कॉइल जळलीय म्हणाले. शुक्रवारी ये.”

“अगं, मातेचं काय म्हणाले?”

“मातेचं? मातेचं मी विचारायचं विसरले. माळ म्हटली ना आम्ही दोघांनी. मग त्यांनी मला ते छतावरच्या पंख्याचं सांगितलं, त्याचा एक पाय…”

“छताच्या पंख्याला पाय नसतो, झुनिल्दा.”

“तेच तर ते सांगत होते.”

तो तिसरा दिवस, रविवार. दुपारी फादर ओस्वाल्दो मोटरसायकलवरून मिस्सा सांगायला आले. डोन्या तेओफिलांनी त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. पाऊस, पेटी, हट्टी म्हातारा, एवढं. फादर तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्यांना बाकीचं ठाऊक नव्हतं.

“मी बोलतो त्यांच्याशी,” ते म्हणाले. गेले. संध्याकाळच्या माळेनंतर हातात दोन चिपा घेऊन परत आले.

“फादर, माता?”

“आहे तिथे. बरी आहे. काच स्वच्छ आहे.” ते घास चावत म्हणाले. “डोन्या, तुम्ही नोव्हेना मातेची करता का टेबलाची?”

“म्हणजे काय, फादर? टेबल चॅपलमध्ये आहे. कमान मी केलीय. दोनशे फुलं आहेत.”

“छान आहेत फुलं. पण माता त्या घरी जाऊन बसलीय, तर मी तिला हाताला धरून बाहेर काढू? कुठे जायचं ते ती माझ्यापेक्षा जास्त जाणते.” मोटरसायकल सुरू करताना त्यांनी जोडलं, “आणि माझाही पंखा त्यांच्याकडे टाकलाय. चर्चच्या खर्चात पंख्याचं तिकीट मला लिहिता येत नव्हतं.”

त्यानंतर धरण फुटलं. सोमवारी सिल्वानोंच्या पडवीत पाच पंखे आणि सात माणसं. मंगळवारी एक मिक्सर, एक रेडिओ आणि बारा माणसं. बुधवारी अकरा पंखे. जो तो काहीतरी बिघडलेलं घेऊन यायचा, जणू दारावर कुणी विचारणार होतं की तुझं काय मोडलंय. लोक पडवीच्या कठड्यावर, पायऱ्यांवर, उलट्या बादल्यांवर बसायचे. दुरुस्त झालेले पंखे सिल्वानो रांगेत लावून चालू करायचे, त्यामुळे माळ म्हणताना आमचे डोक्यावरचे रुमाल उडायचे आणि मातेचा झगा, पेटीचं दार उघडं असल्यामुळे, हलायचा. झुनिल्दा म्हणाली, गेल्या शंभर वर्षांत तिला इतकं गार कुणी ठेवलं नसेल.

सिल्वानो पेला भरायचे आणि फिरवायचे. एकच नळी, सगळ्यांची तोंडं. फार बोलायचे नाहीत. कधी एखाद्याचा पंखा उघडून आत बघून म्हणायचे, “हा दुसऱ्या गावात कुणीतरी उघडलाय.” तो माणूस मग पायांकडे बघायचा. तेवढंच. हसू मात्र त्यांच्या मिशीच्या एका टोकाला असायचं.

आनंद होता. खरंच होता. आणि तरी मला रोज घरी येऊन पाणी कडू लागायचं. माळ सांगणारीनं सुरुवातीला म्हणायचं असतं, ही माळ अमक्यासाठी. मी रोज म्हणायचे, “ही माळ मातेच्या सणासाठी.” आणि सिल्वानो रोज, मी ते म्हणण्याआधी, एक क्षण मान वर करायचे. मग खाली.

ते कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. शनिवारी नऊ दिवस भरणार होते. ते पेटी उचलून चॅपलमध्ये ठेवणार, पंखे आपापल्या घरी जाणार, दार लागणार. मग कुणाकडे कारण उरणार नव्हतं, आणि कारणाशिवाय आम्ही जात नाही हे आम्ही एकदा दाखवलं होतं.

गुरुवारी सगळे गेल्यावर मी मागे राहिले.

“काराई,” मी सुरुवात केली, “त्या दिवशी मी ‘हो’ म्हणाले. आज ती इथे राहणार का, असं तुम्ही विचारलंत तेव्हा.”

“म्हणालीस.”

“तुमचं नाव यादीत…”

“यादी पेटीच्या पाठीला आहे, दिग्ना,” ते स्क्रू घट्ट करत म्हणाले. “मला वाचता येतं. पहिल्याच दिवशी वाचली. अक्षर छान आहे तिचं.”

“मग काही बोलला नाहीत?”

“तू खोटं बोललीस. तीन वर्षांत ह्या दारात कुणी माझ्यासाठी खोटंसुद्धा बोललं नव्हतं. मोडता कशाला घालू?”

त्यांनी पेला पुढे केला. मी घेतला, प्यायले, आणि आभार मानले नाहीत. त्यांनी पुन्हा भरला. माझ्या घशात एक वाक्य तयार होतं, सात दिवस घासून गुळगुळीत केलेलं. पेल्यामागून पेला ते गिळत गेले. चौथ्या पेल्याला थर्मास संपला.

शुक्रवारी माळेला जाण्याआधी मी चॅपलकडे गेले. डोन्या तेओफिला एकट्याच होत्या. पहिल्या बाकावर, पाठ ताठ, हातात माळ. समोर दोनशे कागदी फुलं आणि रिकामं टेबल. मागे भिंतीशी खुर्च्या रचून ठेवलेल्या. त्या आठही दिवस तिथेच आल्या होत्या, रोज पाचला, आणि शेवटचे चार दिवस एकट्या.

“बस,” त्या म्हणाल्या. “नाहीतर जा. तिकडे पंख्याखाली बरं वाटत असेल.”

“तुम्ही का येत नाही?”

“माझा पंखा चालू आहे.”

मी त्यांच्या शेजारी बसले.

“त्याला एकटं राहायला आवडतं,” त्या मणी ओढत म्हणाल्या. “सगळेच म्हणायचे.”

“पहिल्यांदा कोण म्हणालं, डोन्या?”

त्यांनी माळेवरचा हात थांबवला. “मिर्ना परवा फोनवर विचारत होती,” त्या म्हणाल्या, “की मम्मी, माझ्या लग्नाच्या फोटोत काराई सिल्वानो कुठेच कसे नाहीत, आपल्या मांडवातले पंखे तर त्यांनीच लावले होते ना.” त्यांनी नाक पुसलं. “लावले होते. प्लासिदा आजारी असताना. सहा पंखे. पैसे घेतले नाहीत, म्हणाला पोरीला आहेर.”

हे मला माहीत नव्हतं.

“मग काय सांगितलंत मिर्नाला?”

“म्हटलं लाईन खराब आहे, ऐकू येत नाही.” त्या उठल्या. “जा आता. मला माळ पूर्ण करू दे.”

शनिवारी, सात डिसेंबरला, सकाळपासूनच गल्लीत वास सुटला. चीज, बडीशेप, भट्टीतला धूर. तोच वास. ह्या वेळी कुणी पडदा ओढला नाही, पण बोललंही नाही. झुनिल्दासुद्धा माझ्याकडे दोरा मागायला आली आणि दोराच घेऊन गेली.

पाच वाजता पडवी भरली होती. बादल्या पुरेनात, माणसं दाटीवाटीनं उभी. टेबलावर चादर नव्यानं इस्त्री केलेली, बाजूला टोपलीत चिपा, कापडाखाली, गरम. सिल्वानोंनी पांढरा सदरा घातला होता, दुमडल्याच्या रेघांसकट. मी पुढे जाऊन गुडघे टेकले. माझ्या समोर माता, तिच्या झग्याला पंख्याचा वारा.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. कुरकुर, कुरकुर.

सगळ्यांच्या माना वळल्या. गल्लीतून ढकलगाडी येत होती. तिच्यावर पाच खुर्च्या, चॅपलच्या, हिरव्या. ढकलणाऱ्या डोन्या तेओफिला, चांगला काळा झगा, चांगले बूट, दोन्ही रात्रीच्या पावसाच्या लाल चिखलात. कुणीतरी मदतीला पुढे झालं.

“हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पाच खुर्च्या उतरवल्या, ओळीत मांडल्या, गाडी वळवली आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या. पुन्हा गेल्या. आम्ही कुणी बसलो नाही. सिल्वानो दाराच्या चौकटीत उभे राहून बघत होते. तिसऱ्या खेपेनंतर ते आत गेले आणि तेलाची कुपी घेऊन आले. गाडी थांबली तेव्हा वाकून चाकात दोन थेंब सोडले. डोन्या तेओफिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौथी, पाचवी, सहावी खेप आवाज न करता झाली. चौसष्ट वर्षांची बाई, घामानं ओलीचिंब, केसांचा अंबाडा सुटलेला.

तीस झाल्यावर लोक बसले. डोन्या तेओफिला आत आल्या आणि माझ्या मागे, त्यांच्या नेहमीच्या जागी, गुडघ्यांवर टेकल्या. मला त्यांचा धापा टाकणारा श्वास मानेवर लागला.

मी क्रुसाची खूण केली. “ही माळ,” मी म्हणाले.

सिल्वानोंनी मान वर केली.

“ही माळ…” मी पुन्हा म्हणाले. पंखे घूं घूं करत होते.

“म्हण ना,” मागून पुटपुट आली. “गुडघे दुखतायत माझे.”

“ही माळ प्लासिदासाठी,” मी म्हणाले. एकदा ते नाव बाहेर पडल्यावर मी वळले. मातेकडे पाठ करून बसू नये म्हणतात, पण मी वळले. “काराई, ही तीन वर्षांपूर्वी म्हणायची होती. मी तुमचा हात धरून शब्द दिला होता. तुम्ही नऊ दिवस खुर्च्या मांडल्यात, आणि मी आले नाही. आणि नंतर लाज वाटली, म्हणून आले नाही. तुम्हाला एकटं राहायला आवडतं असं मीही म्हणत फिरले. मी…”

“मी काय, मी?” डोन्या तेओफिला माझ्या मानेपाशी कुरकुरल्या. “सगळं स्वतःच घेऊन टाकणार ही. नेहमीचंच आहे हिचं.”

मग माझ्या खांद्यावर हाताचा भार देऊन त्या उभ्या राहिल्या, चिखलाच्या बुटांत, अंबाडा सुटलेला. आणि ज्या आवाजात त्या दरवर्षी यादी वाचून दाखवतात, त्याच आवाजात, पण फार हळू, म्हणाल्या,

“आम्ही आलो नाही, सिल्वानो. कुणीच आलो नाही.”